अणूवरचं पुस्तक आणि तुरुंगाची नियमावली

मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका माणसाने मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. ते हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकार त्याला अडवू शकतं का? हा प्रश्न १९६५ साली थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. खटल्याचं नाव 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी'. आणीबाणी म्हटलं की आपण लगेच १९७५ वर जातो. पण १९७५ ला नेमकं काय हिरावलं गेलं, हे समजून घ्यायचं तर हा आधीचा, तसा छोटासा खटला फार उपयोगी पडतो.

आधी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं आणि २६ ऑक्टोबरला देशात पहिल्यांदा आणीबाणी जाहीर झाली. भारत संरक्षण अध्यादेश आला, त्याखाली नियम आले आणि कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. पुढे मार्क्सवादी पक्षाचे नेते आणि मराठी लेखक म्हणून ओळखले गेलेले संझगिरी ७ नोव्हेंबरच्या आदेशाने आत गेले. हा आदेश स्थानबद्धतेचा होता. म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षा नाही. 'हा माणूस बाहेर राहिला तर काहीतरी करेल' असं सरकारला वाटतं, एवढ्यावर त्याला आत ठेवायचं.

अशा वेळी नागरिकाच्या हाती काय उरतं? कलम ३५८ मुळे आणीबाणीत कलम १९ बाजूला पडतं, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मागायची सोय नाही. कलम ३५९ खाली राष्ट्रपती आणखी पुढे जाऊ शकत. इतर मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही ते स्थगित करू शकत. ३ नोव्हेंबर १९६२ च्या आदेशाने तेच झालं. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१ त्यात होतं. मात्र त्या आदेशात एक अट होती. हक्क जर भारत संरक्षण अध्यादेशाखाली किंवा त्याच्या नियमांखाली हिरावला गेला असेल, तरच दाद बंद. नियमाबाहेर जाऊन हिरावला असेल, तर दार उघडं. वाचताना सहज नजरेतून सुटावी अशी ही अट आहे. पण संझगिरींचा सगळा खटला तिच्यावरच उभा राहिला.

आता पुस्तकाकडे येऊ. नाव 'अणूच्या अंतरंगात', विषय मूलकणांचा. संझगिरींनी ते परवानगी घेऊनच तुरुंगात लिहिलं होतं. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित बाहेर पाठवण्यासाठी राज्य सरकारकडे अर्ज केला आणि मार्च १९६५ मध्ये सरकारने तो फेटाळला. मग आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज, तिथेही नकार. शेवटी मुंबई उच्च न्यायालय. तिथे ते जिंकले आणि सरकार अपिलात गेलं.

सरकारचं म्हणणं इथे नीट पाहायला हवं. 'या पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धोका आहे' असं सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटलंच नव्हतं. म्हणणं एवढंच होतं, की स्थानबद्धाला पुस्तक छापू द्यायला कायदा आम्हाला बांधत नाही. स्थानबद्धांना कसं ठेवायचं याचा मुंबई सरकारचा १९५१ चा एक आदेश होता. सरकारच्या मते, माणूस आत गेला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. त्यानंतर त्या आदेशात ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याच्या. पुस्तक पाठवण्याची सवलत त्यात नाही, म्हणून मिळणार नाही.

न्या. सुब्बा राव यांनी ६ सप्टेंबर १९६५ च्या निकालात हा युक्तिवाद उलटा फिरवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तो आदेश ही सवलतींची यादी नाही, बंधनांची यादी आहे. जे बंधन त्यात लिहिलेलं नाही ते तुरुंग अधिकारी स्वतःच्या मनाने घालू शकत नाही. सरकारचं वाचन खरं मानलं, तर आदेशात जेवण द्यायची तरतूद नसेल तेव्हा स्थानबद्धाला उपाशी मारायलाही हरकत उरणार नाही. हस्तलिखित अडवणारं बंधन नियमात नव्हतं. म्हणजे अडवणूक कायद्याखाली झालीच नव्हती, आणि मग राष्ट्रपतींचा आदेशही न्यायालयाची वाट अडवू शकत नव्हता. अपील फेटाळलं गेलं.

या निकालाने संझगिरी सुटले नाहीत, त्यांची स्थानबद्धताही अवैध ठरली नाही. ठरलं ते एवढंच, की आत ठेवलेल्या माणसावरचं प्रत्येक जादा बंधन सरकारने नियमात बोट ठेवून दाखवलं पाहिजे. पुरावा दाखवण्याचं ओझं कोणावर, हाच इथे खरा मुद्दा होता.

आता दहा वर्षं पुढे. २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश १९६२ च्या आदेशाशेजारी ठेवून वाचला तर फरक लगेच दिसतो. ती अटच गायब आहे. हक्क कुठल्या कायद्याखाली हिरावला, की कुठल्याच कायद्याखाली नाही, हे विचारायची सोय राहिली नाही. तरीही मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकायच्या ठरवल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो एडीएम जबलपूर खटला.

तिथे न्या. एच. आर. खन्ना यांनी विचारलं, की एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केलं तर? अॅटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर होतं, की आणीबाणी आहे तोवर न्यायालयात दाद नाही. १९६५ मध्ये 'मग उपाशीही माराल का?' एवढं म्हटल्यावर सरकारचा युक्तिवाद कोसळला होता. १९७६ मध्ये सरकारच्या वकिलांनी त्याहून भयंकर निष्कर्ष स्वतःच मान्य केला आणि तरी सरकार ४ विरुद्ध १ असं जिंकलं. २८ एप्रिलच्या त्या निकालात न्या. बेग यांनी स्थानबद्धांची आत जवळजवळ मातेच्या मायेने काळजी घेतली जाते असंही लिहिलं. आईची माया कोर्टात मागता येत नाही. सुब्बा रावांनी हक्क मानलेलं जेवण इथे मेहेरबानी झालं. विरोधी मत देणाऱ्या खन्नांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद बेग यांनाच मिळालं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्याच महिन्यात तुरुंगातल्या अटींचा प्रश्न महाराष्ट्रातूनच पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला होता. स्थानबद्धांच्या बाजूने संझगिरी निकालाचा आधार होता. पण १९६२ चा आदेश सशर्त होता, १९७५ चा नाही, असं सांगून न्यायालयाने तो लागू केला नाही.

यानंतरची दुरुस्ती बहुतेकांना माहीत असते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला.

पण दोन गोष्टी अजून तशाच आहेत. खटल्याविना स्थानबद्धतेला कलम २२ मध्ये आजही जागा आहे. आणि युद्ध किंवा बाह्य आक्रमणामुळे आणीबाणी आली, तर कलम १९ आजही बाजूला पडू शकतं. तेव्हा आत असलेल्या एखाद्या लेखकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने काही मागता येणार नाही. त्याला संझगिरींच्याच वाटेने जावं लागेल: कलम २१ हाती धरायचं आणि अधिकाऱ्याला विचारायचं, हे बंधन कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा.