रिक्वेस्टची वाट: क्लाउडवरील मार्गरचनेच्या अभ्यासाची प्रस्तावना

पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो: आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे? सांगलीत ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि तो आकडा सांगलीकर विसरलेले नाहीत. पूर्वी पुलाच्या मोजपट्टीकडे पाहायला माणसं नदीवर जात, आता हात आधी फोनकडे जातो. पलूस तालुक्यातल्या शेतकऱ्याला जनावरं कधी हलवायची ते ठरवायचं असतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला सांगलीच्या गावभागातल्या आईवडिलांची काळजी असते. सगळे एकाच तासात एकच पान उघडायला जातात, आणि त्याच तासाला ते पान उघडणं सर्वांत गरजेचं असतं.

क्लाउडवरील मार्गरचनेच्या या अभ्यासशाखेत आपण शिकतो ते याच तासासाठी. सोबतीला म्हणून पाणीपातळी दाखवणारी एक वेबसाइट आपण सरावापुरती कल्पून घेऊ. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवसही चालला असता. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात आणि निकालाच्या दुपारी गर्दी कशी उसळते हे इथल्या प्रत्येक घराने अनुभवलं आहे. पण निकालाची वेळ आधी जाहीर होते, पुराची होत नाही. म्हणून पूर हे अधिक कठोर उदाहरण आहे आणि मी तेच घेतो.

फोनवरून निघालेली रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत कशी जाते? पहिलं काम नावाचा पत्ता शोधण्याचं. ते डीएनएस करतं. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही व्यवस्था आजही इंटरनेटचा पाया आहे. ॲमेझॉनने २०१० मध्ये सुरू केलेल्या आपल्या डीएनएस सेवेला ‘रूट ५३’ हे नाव दिलं, ते डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून. पत्ता मिळाला की रिक्वेस्ट लोड बॅलन्सरकडे, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेकडे येते. त्याच्या दारावर लिसनर असतो. लिसनरपाशी नियमांची यादी असते: या नावाने आलेली रिक्वेस्ट इकडे, या पाथची तिकडे. नियम जुळला की रिक्वेस्ट एका टार्गेट ग्रुपमध्ये, म्हणजे एकच काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटात जाते. रानात दारं धरणारा माणूस एका सरीचं तोंड मातीने बुजवतो आणि दुसरीचं मोकळं करतो, तसंच हे काम आहे. फरक एवढाच की त्या माणसाला बांध फुटलेला डोळ्यांनी दिसतो. लोड बॅलन्सरला फक्त हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हरची ठरावीक वेळाने होणारी तपासणी, जेवढं सांगेल तेवढंच कळतं. या शाखेतल्या बहुतेक अवघड गोष्टी या एका फरकातून निघतात.

हे सर्व्हर आपल्यापासून फार दूर नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं पुण्यातलं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं, ॲमेझॉनचं मुंबईतलं जून २०१६ मध्ये. साताऱ्याहून खंबाटकीचा बोगदा पार करून पुण्याला पोहोचायला जेमतेम ११० किलोमीटर लागतात. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात, म्हणजे मुंबई रीजनमध्ये, आज एकमेकांपासून वेगळे ठेवलेले तीन झोन आहेत. एका झोनची वीज गेली तरी दुसरा चालू राहावा, ही त्यामागची कल्पना. लोड बॅलन्सर उभारताना किमान दोन झोन द्यावे लागतात ते त्यासाठीच.

ही वाट आपण कोडमध्ये लिहिणार आहोत, म्हणून आता ‘कोड’ या शब्दाकडे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही सगळी रचना माणसं हातानेच उभी करत, आणि आजही अनेक ठिकाणी ती वेबपानावर क्लिक करत केली जाते. तशी रचना चालते, पण ती का तशी आहे हे क्लिक करणाऱ्यालाच माहीत असतं. तो माणूस नोकरी बदलून गेला की मागे फक्त चालू व्यवस्था उरते, तिचं कारण उरत नाही. मशीनची अपेक्षित स्थिती लिहून ठेवायची आणि त्या स्थितीला आणण्याचं काम प्रोग्रॅमवर सोपवायचं, हा विचार मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिनमधून पुढे आणला. ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन २०११ चं. मिचेल हाशिमोटो आणि आर्मन दादगर यांच्या हाशिकॉर्प कंपनीने २०१४ मध्ये टेराफॉर्म आणलं आणि तेच सर्वाधिक रुजलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्याचा परवाना बदलला. तेव्हा मुक्त परवान्याचा आग्रह धरणाऱ्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू सुरू केलं. विद्यार्थ्याने यात अडकू नये. दोन्हींची मूळ भाषा एकच आहे, एक नीट आलं की दुसरं हाताशी आहे.

टेराफॉर्मचा खरा गुण मला वाटतो तो ‘प्लॅन’ या टप्प्यात आहे. बदल करण्याआधी ते सांगतं: हे नवं तयार होईल, हे बदलेल, हे पाडून पुन्हा बांधलं जाईल. शेवटची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचावी. लोड बॅलन्सरचं नुसतं नाव बदललं तरी टेराफॉर्म जुना पाडून नवा उभा करतं. नव्याचा पत्ता वेगळा असतो, आणि तो पत्ता कुणी कुठे हाताने लिहून ठेवला असेल तर तिथली वाट त्या क्षणी तुटते. कोडमध्ये तो बदल एका शब्दाचा दिसतो. स्टेट फाइलचंही असंच. प्रत्यक्षात काय उभं आहे याची टेराफॉर्मची नोंदवही म्हणजे ही फाइल. दोघांनी एकाच वेळी ‘अप्लाय’ केलं, म्हणजे बदल प्रत्यक्षात आणले, तर ती बिघडू शकते, म्हणून तिला लॉक हवं. तिच्यात पासवर्ड उघडे पडलेले असू शकतात, म्हणून ती कोडसोबत सार्वजनिक जागी ठेवू नये.

एवढं जमलं की वाट लिहून झाली. इथेच पुष्कळ अभ्यासक्रम संपतात. माझ्या मते अभ्यास इथून सुरू होतो, कारण लिहिलेली वाट वाहते आहे का, हे चाचणीशिवाय कळत नाही, आणि चाचणीचे प्रकार वाटतात तेवढे सारखे नाहीत.

वाक्यरचना बरोबर आहे का हे ‘व्हॅलिडेट’ सांगतं. ठरवलेली मूल्यं बरोबर जागी आहेत का हे टेराफॉर्मच्या १.६ आवृत्तीपासून आलेल्या ‘टेस्ट’ आज्ञेने पाहता येतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण पुढची चूक दोघांच्याही हातून निसटू शकते. लिसनरचे नियम लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे वाचले जातात आणि जो आधी जुळेल तो लागू होतो. समजा ‘सगळे पाथ’ जुळणारा नियम १० क्रमांकावर आहे आणि पाणीपातळीच्या पाथचा नियम २० वर. दोन्ही नियम वैध आहेत, प्लॅन स्वच्छ येतो, अप्लाय यशस्वी होतं, आणि पाणीपातळीच्या गटाकडे एकही रिक्वेस्ट जात नाही. ही चूक पकडायची तर तात्पुरती खरी रचना उभारून प्रत्येक नियमासाठी एक खरी रिक्वेस्ट पाठवावी लागते आणि उत्तर कोणत्या गटाकडून आलं ते पाहावं लागतं. त्यासाठी प्रत्येक गटाने आपल्या उत्तराच्या हेडरमध्ये स्वतःचं नाव द्यावं. छोटी सोय आहे, पण आयुष्यभर उपयोगी पडते.

उत्तर चुकीचं आलं तर कोडक्रमांक वाचायला शिका. ५०३ आला तर गटात बहुधा सर्व्हरच नोंदलेला नाही. ५०२ आला तर सर्व्हर आहे, पण त्याने जोडणी मध्येच तोडली किंवा न समजणारं उत्तर दिलं. ५०४ म्हणजे वाट पाहून वेळ संपली. नवशिके तिन्हींना ‘साइट पडली’ म्हणतात, पण या तिघांच्या दुरुस्त्या तीन वेगळ्या ठिकाणी आहेत.

हेल्थ चेकवर मात्र जास्त थांबलं पाहिजे. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरमध्ये काही न बदलल्यास दर ३० सेकंदांनी तपासणी होते आणि लागोपाठ दोनदा चुकलेला सर्व्हर आजारी ठरतो. म्हणजे सर्व्हर पडल्यावर जवळपास मिनिटभर काही लोकांना कोरं पान दिसू शकतं. डीएनएसच्या पातळीवरचा फेलओव्हर, म्हणजे राखीव वाटेवर वळणं, आणखी सावकाश चालतो: ३० सेकंदांच्या तीन तपासण्या म्हणजे ९० सेकंद, आणि त्यावर टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत. टीटीएल ६० सेकंदांचा असेल तर अडीच मिनिटांत बहुतेकांना नवी वाट मिळते. कुणी तो तासाचा ठेवला असेल तर पुराच्या रात्री तासभर लोक बंद दारावर थाप मारत राहतील. हे हिशेब कागदावर आधी करा, मग रचना करा.

हेल्थ चेकने नेमकं काय तपासावं, हा त्याहून खोल प्रश्न आहे. तपासणीचं पान डेटाबेसला विचारून उत्तर देत असेल तर डेटाबेस जरा मंदावताच सगळे सर्व्हर एकदम आजारी दिसू लागतात. तेव्हा लोड बॅलन्सर काय करतो? तो सगळ्यांनाच रिक्वेस्ट पाठवतो. सगळेच आजारी दिसत असतील तर तपासणीच चुकली असावी, असं तो धरून चालतो. हे वागणं शहाणपणाचं आहे, पण ते ठाऊक नसलेला माणूस पडद्यावर ‘सर्व आजारी’ वाचतो, रिक्वेस्ट मात्र चालू पाहतो आणि गोंधळून जातो. आणि सर्व्हर खरोखरच आजारी असतील तर लोकांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आपल्या पाणीपातळीच्या साइटला डीएनएसच्या पातळीवर एक साधं राखीव पान हवं: शेवटची नोंदलेली पातळी आणि तिची वेळ. वेळ विसरू नका. वेळेसकट जुना आकडा कामाचा आहे. वेळेविना जुना आकडा पुराच्या वेळी घातक ठरू शकतो, कारण माणसं त्यावर विसंबून घरात थांबतात.

राखीव वाट तयार ठेवली आणि कधी वापरून पाहिली नाही, तर ती आहे असं धरू नये. चाचणीच्या रचनेत सर्व्हर मुद्दाम बंद करा. एक झोन तोडा. तपासणीच्या पानाला मुद्दाम ५०० द्यायला लावा आणि घड्याळ लावून बसा. नेटफ्लिक्सने ‘केऑस मंकी’ हा चालू सर्व्हर अधूनमधून बंद करणारा प्रोग्रॅम याच विचाराने बनवला आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी खुला केला. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यातल्या एका देखभालीच्या आज्ञेने त्यांचे मार्ग इंटरनेटवरून नाहीसे झाले. त्यांचे डीएनएस सर्व्हर कुणाला सापडेनात, आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका रीजनमध्ये डीएनएसच्या नोंदी आपोआप लिहिणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि एका महत्त्वाच्या सेवेची नोंद रिकामी झाली. वाट लिहिणारा कोडच तिथे वाट पुसून गेला. कोडने लिहिलेल्या गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवू नये, याचा याहून स्पष्ट दाखला मला सापडत नाही.

एक भाग आपण मराठी माणसांनीच नीट अभ्यासायला हवा, कारण इतरांना तो दिसतही नाही: देवनागरी पत्ते. २०१४ पासून ‘.भारत’ हे डोमेन देवनागरीत मिळतं. पण ब्राउझर सर्व्हरला ते नाव देवनागरीत पाठवत नाही, रोमन अक्षरांच्या प्युनीकोड रूपात पाठवतो. लिसनरचा नियम त्या रूपाशी जुळवावा लागतो. पाथचा घोळ आणखी बारीक आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘सांगली’ या सहा चिन्हांच्या शब्दाची पाथमध्ये चोपन्न अक्षरं होतात. आणि ‘कऱ्हाड’? त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण बाइट वेगळे असतात. नियम एकाशी जुळेल, दुसऱ्याला ‘पान सापडलं नाही’ असं उत्तर मिळेल. कोणत्या कीबोर्डवरून कोण कसं टाइप करेल यावर आपला ताबा नाही. त्यामुळे पाथचं रूप आधी एकसारखं करून घेणं आणि दोन्ही रूपांनी चाचणी लिहिणं, हे दोन्ही लागतं. हे काम सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याने केलं नाही तर कुणी करेल असं मला वाटत नाही.

या शाखेला मोठी मशीन-रूम लागत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झालं, राजारामनगरचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ मध्ये. तिथल्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप आहे, आणि हा अभ्यास त्यावरच होतो. जतच्या किंवा पाटणच्या विद्यार्थ्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईतल्या चकचकीत ऑफिसात नसते: अधूनमधून जाणारं नेटवर्क. आपल्या साइटच्या चाचण्या तिथून चालवा. जोडणी मध्येच तुटली तर काय होतं, एका सेकंदाचं पान वीस सेकंदांत आलं तर फोन काय करतो, हे तिथे खरोखर दिसतं.

पहिला सराव साधा ठेवा. दोन झोन, प्रत्येकात एक सर्व्हर, पुढे एक लोड बॅलन्सर, सगळं टेराफॉर्ममधून. खात्याला आधीच खर्चाची मर्यादा आणि सूचना लावून घ्या, कारण लोड बॅलन्सर कुणी वापरला नाही तरी तासाप्रमाणे पैसे घेतो. मग दर सेकंदाला एक रिक्वेस्ट पाठवणारा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवून एक सर्व्हर बंद करा. किती रिक्वेस्ट चुकल्या, कोणते क्रमांक आले, कितव्या सेकंदाला सगळं सुरळीत झालं, हे तक्त्यात लिहा. तपासणीचा अंतराल ३० वरून १० सेकंदांवर आणा आणि पुन्हा मोजा. दोन तक्ते शेजारी ठेवून मित्राला दाखवा, फरक का पडला ते त्याला समजावून सांगा, आणि रात्री झोपण्यापूर्वी ‘डिस्ट्रॉय’ चालवून सगळं पाडा.