अदृष्ट भय

महाभारताच्या आदिपर्वांत एका कुत्रीचा शाप आहे. जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या तिच्या पोरास राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्यास तोंड लावलें नव्हतें. सरमा सत्रमंडपांत येऊन विचारते, माझ्या लेकरानें अपराध केला नसतां त्यास कां मारलें? कोणी उत्तर देत नाहीं. तेव्हां ती शाप देते, तो मरणाचा नव्हे, राज्यनाशाचाहि नव्हे. तुजवर अदृष्ट भय येईल, एवढाच. एवढें ऐकून राजा इतका घाबरतो कीं शापनिवारणासाठीं पुरोहित शोधीत हिंडतो. कथाकारानें कुत्र्याच्या आईच्या तोंडीं हाच शाप घातला, यांत त्याची दृष्टि आम्हांस मोठी मार्मिक वाटते. डोळ्यांस न दिसणारें भय म्हणजे काय हें कुत्र्याहून अधिक कोणास ठाऊक असावें?

ज्या घरांत कुत्रा म्हातारा झाला आहे त्या घरास हें फोड करून सांगावयास नको. दहाबारा वर्षें दार राखलेला प्राणी एके रात्रीं उठून येरझारा घालूं लागतो, धापा टाकतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूस नाक लावून दार उघडण्याची वाट पाहतो. दिवाळींतील पहिला बार ऐकतांच न्हाणीघराच्या कोपऱ्यांत शिरून कांपूं लागतो. 'म्हातारचळ' म्हणून मंडळी हंसतात, रागावतात, साखळी आंखूड करतात. आणि शेजारी अखेरीस जो सल्ला देतात तो येथें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. असल्या भयावर उपाय काय, या प्रश्नाचें एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीं मिळालें होतें. तें जेथें मिळालें ती जागा मात्र दयेच्या शोधांत कोणी गेलें असतें अशी नव्हती.

प्रथम डार्विनसाहेबांची एक लहानशी गोष्ट. १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं आपल्या कुत्र्याविषयीं लिहिलें आहे. उन्हाळ्याचा निवांत दिवस, हिरवळीवर उघडी पडलेली छत्री. वाऱ्याची झुळूक आली कीं ती किंचित् हले, आणि प्रत्येक वेळीं कुत्रा गुरगुरे. जवळ माणूस असतां तर त्यानें छत्रीकडे ढुंकूनहि पाहिलें नसतें. डार्विन यांनीं यावरून असें अनुमान काढलें कीं, उघड कारणावांचून हालणाऱ्या वस्तूमागें कोणी अनोळखी जीव असावा असें त्यास वाटलें. म्हणजे सरमेचें अदृष्ट भयच! मात्र 'जवळ माणूस असतां तर' ही अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां रशियांत जाऊं. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे इव्हान पाव्हलॉव्ह सेंट पीटर्सबर्ग येथें कुत्र्यांवर प्रयोग करीत. कुत्र्याच्या गालास छिद्र पाडून लाळ बाहेर घ्यावयाची, एखादी खूण दाखवून लगेच अन्न द्यावयाचें. पुढें पुढें नुसत्या खुणेनेंच लाळ सुटूं लागे. शास्त्राच्या नांवाखालीं हा सारा छळ पुसून टाकावा असें आम्ही म्हणणार नाहीं. खोलींत बाहेरचा आवाज येऊं नये, माणसाची चाहूल लागूं नये, म्हणून कुत्रा एकटा आंत आणि प्रयोगकर्ता भिंतीपलीकडे, अशी तेथील व्यवस्था. खास बांधलेल्या एका इमारतीस तर 'मौनाचा मनोरा' असें नांव पडलें होतें. थोडक्यांत, माणसास खोलीबाहेर घालविणें हाच त्या शास्त्राचा पहिला नियम होता.

१९१४ सालीं तेथील एका संशोधिकेनें कुत्र्यास वर्तुळ दिसलें तर अन्न, लंबवर्तुळ दिसलें तर नाहीं, असें शिकविलें. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखें करीत नेलें. व्यासांचें प्रमाण नवास आठ इतकें झालें तेव्हां कुत्र्यास भेद ओळखेना. तीन आठवड्यांत तो पूर्वीं येणारेंहि विसरला आणि ज्या मेजावर शहाण्यासारखा उभा राहत असे तेथेंच किंकाळ्या फोडून उपकरणें चावूं लागला. कोणी मारलें नव्हतें. केवळ जग कळेनासें झालें होतें. वृद्ध कुत्र्याची दशा समजावयास आम्हांस याहून चांगला दृष्टान्त ठाऊक नाहीं.

परंतु खरें प्रकरण पुढें घडलें. २३ सप्टेंबर १९२४ रोजीं लेनिनग्राडांत नेवा नदीचें पाणी चढलें. बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, १८२४ सालीं, असाच महापूर आला होता, आणि त्यांत वेडा झालेल्या एका गरीब कारकुनाची कथा पुश्किननें अमर केली आहे. या खेपेस पाळी कुत्र्यांची आली. त्यांच्या कोठड्यांत पाणी शिरलें. बाहेर वादळ, झाडें मोडून पडत आहेत, अशा स्थितींत लहान लहान टोळ्यांनीं त्यांना पोहवीत मुख्य इमारतींत आणलें. तेथें सारे एकत्र कोंबले असतां एकहि कुत्रा दुसऱ्याशीं भांडला नाहीं! एरवीं एकमेकांचे कान फाडणारे ते प्राणी गप्प उभे होते.

पाणी ओसरलें, कित्येक कुत्रे पूर्ववत् झाले, कांहीं झाले नाहींत. स्पेरान्स्की नांवाच्या सहकाऱ्याचा एक कुत्रा दिसावयास निरोगी. पण मेजावर चढविला कीं अस्वस्थ होई, खुणा साऱ्या विसरला होता, आणि पुढें ठेवलेल्या अन्नावरून तोंड फिरवी. उपाशी ठेवून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. अखेर पाव्हलॉव्ह यांनीं आपलाच नियम मोडला. स्पेरान्स्की कुत्र्याजवळ खोलींत बसले आणि प्रयोग बाहेरून पाव्हलॉव्ह यांनीं चालविला. कुत्र्यानें तत्काळ अन्न घेतलें. विसरलेल्या खुणा परतल्या. स्पेरान्स्की बाहेर गेले कीं पुन्हा तीच दशा. मग त्यांचे कपडे खोलींत नुसते लपवून ठेवले, तर त्या वासानेंहि कांहीं गुण आला. अशा रीतीनें, थोडें जवळ थोडें दूर करीत, कुत्रा सांवरला. पुढें एकदा दाराखालून पाण्याची बारीकशी धार आवाज न करतां खोलींत सोडली. मेजाजवळ थारोळें झालेलें पाहतांच तो चवताळून उठला, धापा टाकूं लागला, आणि कित्येक दिवसांची कमाई गेली. भय निघून गेलें नव्हतें. माणसाच्या सोबतीखालीं निजलें होतें इतकेंच.

एवढें स्वच्छ उदाहरण समोर असतां याच पाव्हलॉव्हच्या शास्त्राचा आधार घेऊन पुढें श्वानपालनाच्या कित्येक पुस्तकांनीं सांगितलें कीं भ्यालेल्या कुत्र्यास जवळ घेऊं नका, कुरवाळाल तर भिण्याबद्दल बक्षीस दिल्यासारखें होईल! भय हें कांहीं हात पुढें करण्यासारखें शिकविलेलें काम नव्हे, कीं जें खाऊ दिल्यानें वाढावें. हा गैरसमज आतां पशुवैद्यांनीं बहुतांशीं टाकला आहे, तरी घरोघरीं तो जिवंत आहे.

वार्धक्याची स्वतंत्र दखल घ्यावयास मात्र शास्त्रास बराच वेळ लागला. १९९८ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांसाठीं दोन औषधांस मान्यता मिळाली; क्लोमिप्रामीन हें एकटेपणाच्या भीतीवर, आणि सेलेजिलीन हें म्हातारपणींच्या बुद्धिभ्रंशावर. पहिलें औषध शिक्षणाची जोड असेल तरच द्यावें असा दंडक होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यापूर्वीं सर्रास दिलें जाणारें ॲसिप्रोमॅझिन शरीर सुस्त करी, भय मात्र जागें ठेवी. मालकास शांतता लाभे, कुत्र्यास नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मेंदूंत जें प्रथिन साचतें, तेंच म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूंतहि सांपडतें. २०१८ सालीं इंग्लंडांतील एका पाहणींत वीस आवाजभित्रे कुत्रे तपासले. त्यांतील ज्यांचे सांधे वा स्नायु दुखत होते, त्यांना ही भीति बऱ्याच उशिरां जडली होती. आवाजानें दचकलेलें अंग दुखतें, आणि पुढें आवाज व दुखणें यांची गांठ पडते. म्हणून कुत्रा म्हातारपणीं एकाएकी भित्रा झाला तर त्यास हट्टी म्हणण्यापूर्वीं त्याच्या कंबरेस हात लावून पाहावा, डोळे व कान वैद्याकडून तपासून घ्यावे.

बाकी घरांत करावयाचें तें थोडेंच आहे. त्याची वळकटी रोज त्याच जागीं असावी. फरशीवर पाय घसरत असेल तर तरट अंथरावें. खुर्च्यामेजें फिरवूं नयेत, कारण अंधुक डोळ्यांना घराचा नकाशा पाठ असतो. रात्रीं एक लहानसा दिवा तेवत ठेवावा. दिवाळीच्या दिवसांत खिडक्या लावून, पडदे ओढून, घरांतील कोणी तरी त्याच खोलींत निजावें. तो आपण होऊन जवळ आला तर दूर लोटूं नये, कोपऱ्यांत बसला तर ओढून काढूं नये. आणि घर सोडून जाणें भागच असेल तर धुवावयास टाकलेला सदरा किंवा लुगडें त्या दिवसापुरतें त्याच्या वळकटींत राहूं द्यावें.