नाव गाळलेले खेळाडू

'एनसीएए फुटबॉल' या व्हिडिओ गेमच्या २००५ सालच्या आवृत्तीत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संघात एक क्वार्टरबॅक आहे. अंगात ९ क्रमांकाची जर्सी. त्याची उंची, वजन, कातडीचा रंग, केसांची ठेवण, तो कोणत्या हाताने चेंडू फेकतो, कोणत्या राज्यातला, कितव्या वर्षाला शिकणारा, सगळे नोंदलेले आहे. नाव तेवढे नाही. त्या विद्यापीठात त्या काळी ९ क्रमांकाची जर्सी घालणारा सॅम केलर नावाचा मुलगा होता आणि यातली प्रत्येक नोंद त्याला लागू पडत होती. पुढे केलर नेब्रास्का विद्यापीठात गेला. २००८च्या आवृत्तीत हा बिननावाचा गडीही नेब्रास्काला पोचला! फक्त जर्सीचा क्रमांक जुळला नाही. बहुधा केलरने हंगामाच्या तोंडावर आपला क्रमांक बदलला म्हणून.

हा तपशील अमेरिकेतील नवव्या सर्किट अपील न्यायालयाच्या ३१ जुलै २०१३च्या निकालपत्रात आहे. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण जुनी दफ्तरे चाळण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला निकालपत्र परके वाटत नाही. वाचताना मला राहून राहून वाटत होते की, पोलिसी दफ्तरात ज्याला हुलिया म्हणतात तोच हा. फरक इतकाच की हुलिया माणूस सापडावा म्हणून लिहितात. इथे तो इतका बिनचूक लिहायचा की खेळणाऱ्या पोराला माणूस ओळखू यावा, आणि नाव गाळायचे, म्हणजे त्या माणसाला काही द्यावे लागू नये.

हा फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो नव्हे. यात लांबट चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी लाखाहून अधिक माणूस बसतो, यावरून या खेळातल्या पैशाचा अंदाज यावा. दूरचित्रवाणीचे करार, प्रशिक्षकांचे गलेलठ्ठ पगार हे सारे आहेच. खेळाडूला मात्र शिष्यवृत्ती, म्हणजे फी, राहणे, जेवणखाण. त्यापलीकडे एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था काही घेऊ देत नसे, कारण तो हौशी. मराठीत हा शब्द आपण रंगभूमीला लावतो तेव्हा त्यात जिव्हाळा असतो. तिकडे तो हिशेबाच्या वहीतला शब्द होता.

किती हिशेबी, ते वॉल्टर बायर्स यांनीच सांगून ठेवले आहे. १९५१ ते १९८७ ते एनसीएएचे कार्यकारी संचालक होते. निवृत्तीनंतर १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कबूल केले की 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्दप्रयोग त्यांच्या संस्थेने मुद्दाम रूढ केला. जखमी खेळाडूंना कामगार ठरवून नुकसानभरपाई द्यावी लागेल, या धास्तीपोटी. धास्ती खोटी नव्हती. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार बसून तो गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तो कामगार नव्हताच, असे ठरले.

या पार्श्वभूमीवर गेमकडे पाहावे. ईए स्पोर्ट्स कंपनीचा पहिला महाविद्यालयीन फुटबॉल गेम १९९३चा, बिल वॉल्श या नामवंत प्रशिक्षकाच्या नावाने निघालेला. प्रशिक्षकाचे नाव वेष्टनावर छापता येत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९७पासून मालिका एनसीएएच्या नावाने निघू लागली. परवान्याचे पैसे संस्थेला आणि विद्यापीठांना मिळत.

मे २००९ मध्ये केलरने दावा लावला. जुलैत एड ओ'बॅनन याने दुसरा. हा बास्केटबॉलचा खेळाडू, यूसीएलएच्या १९९५च्या विजेत्या संघाचा कणा. मित्राच्या घरी त्याचा मुलगा गेम खेळत होता आणि पडद्यावर ३१ क्रमांकाचा डावखुरा ओ'बॅनन धावत होता. मूळ माणूस तेव्हा नेवाडात मोटारी विकत होता.

कंपनीचा बचाव असा की, गेम ही कलाकृती आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. बचाव अगदीच पोकळ नव्हता. केलरचा निकाल लागला त्याच दिवशी त्याच न्यायालयाने जिम ब्राउन या थोर व्यावसायिक खेळाडूचा ईएविरुद्धचा अशाच धर्तीचा दावा फेटाळला, कारण तो वेगळ्या कायद्याखाली होता. केलरच्या बाबतीत मात्र कसोटी अशी की, कलावंताने मूळ माणसाचे रूपांतर करून काही नवे घडवले का? इथे तर खऱ्या मैदानावरचा खेळाडू खोट्या मैदानावर तेच करत होता. दोन महिने आधी तिसऱ्या सर्किटने रटगर्सच्या रायन हार्टच्या दाव्यातही तोच निष्कर्ष काढला होता. माझ्या मते गेम जितका हुबेहूब झाला तितका तो कंपनीविरुद्धचा पुरावा बनला.

जुलै २०१३ मध्ये आलेली 'एनसीएए फुटबॉल १४' ही शेवटची आवृत्ती ठरली. ईए आणि परवाना देणाऱ्या कंपनीने ४ कोटी, एनसीएएने २ कोटी डॉलरवर तडजोड केली. शौकीन हळहळले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी दर हंगामात नव्या खेळाडूंच्या याद्या स्वतः भरून तोच जुना गेम जिवंत ठेवला, नावांसकट. त्यातल्या अनेकांचा राग खेळाडूंवर होता. तो मला कधीच पटला नाही.

जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा विकायची मुभा मिळाली. १९ जुलै २०२४ रोजी गेम परतला. दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी संमती दिली. मोबदला प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. ओ'बॅनन खटल्याचा २०१४चा निकाल देणाऱ्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनीच जून २०२५ मध्ये, विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता यावेत, या तडजोडीला मंजुरी दिली.

डेनिसनच्या विधवेचा प्रश्न या साऱ्यात कुठेच आला नाही. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेचा कौल दिला होता. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, तो अर्ज मागे घेण्यात आला.