पेटंट नाकारणीतील ‘स्वयंस्पष्टता’ व अपिलाचा मार्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात ‘शोध’ म्हणजे नवी व उपयुक्त वस्तू अथवा प्रक्रिया, एवढीच व्याख्या होती. शोध त्या क्षेत्रातील जाणकारास सहज सुचण्याजोगा, म्हणजे स्वयंस्पष्ट आहे, हा आक्षेप विरोधकाने घ्यावयाचा असे. १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नित्याच्या कारागिरीपलीकडील काही शोधात असावे, असा दंडक घातला. २००२ च्या दुरुस्तीने ही अट व्याख्येतच आली आणि या कारणावरून पेटंट कार्यालय स्वतःहून अर्ज नाकारू लागले. त्याच दुरुस्तीने मानवावरील निदानप्रक्रिया पेटंटबाह्य ठरली. निदान चाचणीच्या उपकरणास मात्र दार उघडे राहिले. साहजिकच त्याच्यापुढे स्वयंस्पष्टतेची कसोटी उभी राहते.

नाकारणीविरुद्धचे अपील प्रथम उच्च न्यायालयात, २००७ पासून चेन्नईस मुख्यालय असलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे आणि २०२१ मध्ये मंडळ रद्द झाल्यावर पुन्हा उच्च न्यायालयात, असा हा प्रवास आहे. नरडाणा औद्योगिक वसाहतीतील उद्योजकाचा अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे.

सारांश, न्यायपीठ बदलले तरी प्रश्न एकच राहिला : जाणकारास हे का सुचले नसते? खानदेशातील महाविद्यालयीन संशोधकाने त्याचे उत्तर अपिलासाठी न ठेवता मूळ अर्जातच पूर्वज्ञानाशी तुलना करून मांडणे हिताचे ठरेल.