दुधाचा चहा

सुपे आमच्यापासून लांब नाही. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, खतं जाळली. पुढे १८७९ साली कायदा झाला आणि सावकाराचा हिशेब मुळापासून तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. दहावीनंतर मी हे घरी वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "मंग पुढल्या साली त्यास्नी बियाणं कुनी दिलं?"

आमचंही नाव अशाच एका वहीत होतं. १९७२ च्या दुष्काळात दादा आणि आई खडी फोडायला जायचे. सुकडीवर आम्ही पोरं जगलो, पण बैलांना कडबा पाहिजे. दादांनी बाराशे रुपये उचलले. व्याज महिन्याला शेकडा तीन, म्हणजे छत्तीस रुपये. चांगल्या महिन्यात व्याज भागायचं, मुद्दल जागेवर.

मग आईनं अर्धलीनं म्हैस धरली. डेअरीचा पगार दहा दिवसांनी यायचा. आधी किराणा, मग पेंड, उरलेलं डब्यात. दूध सगळं डेअरीला, घरात कोरा चहा. दिवाळीला कापडं नाहीत म्हणून मी एकदा जेवलो नव्हतो. त्याची आता लाज वाटते.

१९९० ला सरकारनं दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ केली, ती बँक-सोसायटीची. सावकाराची वही त्यात कुठून येणार? आमचं तर १९८१ लाच फिटलं होतं. त्या दिवशी आई मला संगं घेऊन गेली. "वाच रे, पैसा-पैसा वाच." मी वाचलं. दादांच्या अंगठ्याचा कागद तिनं मागून घेतला, तिथंच फाडला.

संध्याकाळी घरात दुधाचा चहा झाला. दादांनी दोनदा मागितला.