टँगलवुडची उन्हाळी संगीतशाळा

संगीत हें सुबत्तेचें व शांततेचें लेणें होय, अशी सर्वत्र समजूत आहे. लढाई पेटली, धान्य व तेल मोजूनमापून मिळूं लागलें, कीं गाणेंबजावणें प्रथम बंद करावें, असें व्यवहारी माणसाला वाटतें; आणि त्याचें म्हणणें सर्वस्वीं चूक असें म्हणतां येत नाहीं. परंतु संगीताची शाळाहि अशा वेळीं बंद करावी काय? हा प्रश्न १९४२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील एका डोंगराळ मुलुखांत उभा राहिला, आणि एका वृद्ध संगीतकारानें त्याला कृतीनें उत्तर दिलें. त्या शाळेची ही हकीकत आहे.

मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम टोकाला बर्कशायरचे डोंगर आहेत. सह्याद्रीच्या मानानें ते ठेंगणेच. पण दाट झाडी, मधूनमधून तळीं आणि थंड हवा यांमुळें बॉस्टन व न्यूयॉर्क येथील धनिकांचें तें उन्हाळ्यांतलें विश्रांतिस्थान होऊन बसलें होतें. मुंबईकरांना जसें महाबळेश्वर, तसेंच तें. नॅथॅनिएल हॉथॉर्न हा कथाकार १८५० ते १८५१ या काळांत तेथील एका लहानशा तांबड्या घरांत राहत असे. मुलांसाठीं लिहिलेल्या त्याच्या ग्रीक कथांच्या एका पुस्तकांत ‘टँगलवुड’ हें नांव आलें आणि तें त्या जागेला कायमचें चिकटलें.

या डोंगरांत १९३४ सालीं हेन्री हॅडली यांच्या नेतृत्वाखालीं उघड्यावर वाद्यवृंदाचे जलसे सुरू झाले. १९३६ मध्यें बॉस्टनचा प्रसिद्ध सिंफनी वाद्यवृंद तेथें आला, आणि पुढच्या वर्षीं टॅपन घराण्याकडून टँगलवुडची २१० एकरांची वाडी त्याला देणगी मिळाली. पण मंडप होता कापडाचा. १२ ऑगस्ट १९३७ रोजीं तंबूंत वाग्नरचें संगीत चालू असतां असा वादळी पाऊस कोसळला कीं, ढगांच्या गडगडाटापुढें वाद्यांचा आवाज लोपला. वादन पुनःपुन्हां थांबवावें लागलें. एक नाजूक रचना तर अजीबात गाळावी लागली. मध्यंतरांत उत्सवाच्या अध्यक्षा गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनीं व्यासपीठावर येऊन पक्क्या मंडपासाठीं तेथल्या तेथें वर्गणीचें आवाहन केलें. एलिएल सारिनेन या विख्यात शिल्पज्ञानें आराखडा काढला. पण समितीची मर्यादा होती एक लाख डॉलरांची. एवढ्या पैशांत नुसती शेड उभी राहील, असें त्यानें स्पष्ट कळविलें. तेव्हां शेजारच्या स्टॉकब्रिज गांवचे इंजिनियर जोसेफ फ्रान्झ यांनीं तोच आराखडा साधा करून घेतला, आणि ४ ऑगस्ट १९३८ रोजीं बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीनें त्या इमारतीचें उद्घाटन झालें. पांच हजारांवर माणसें बसतील अशी ती वास्तु; पण लोकांनीं तिला ‘शेड’ हेंच नांव ठेवलें.

उत्सव असा उभा राहिला. शाळा अद्याप नव्हती. ती ज्यांच्या मनांत होती, ते वाद्यवृंदाचे संचालक सर्ज कूसेविट्स्की हे मूळचे रशियन. १८७४ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं प्रथम डबल बेस या अवजड वाद्यावर कीर्ति मिळविली. त्यांची पत्नी नताली ही श्रीमंत चहाव्यापाऱ्याची कन्या. तिच्या पाठबळावर त्यांनीं स्वतःचा वाद्यवृंद उभारला, आणि १९१० मध्यें तो आगबोटींत घालून व्होल्गा नदीच्या कांठचीं गांवें घेत नेला. क्रांतीनंतर, १९२० सालीं, त्यांनीं मायदेश सोडला. १९२४ पासून बॉस्टन हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. ज्या ठिकाणीं थोर कलावंत व होतकरू विद्यार्थी कांहीं काळ एकत्र राहतील, असें ठिकाण निर्माण करण्याचा त्यांचा मनोरथ जुना होता.

अशा शाळेची गरज काय? आपल्याकडील गवई पहांटे तंबोरा घेऊन एकटा बसला तरी त्याचा रियाझ होतो. वाद्यवृंदाच्या संचालकाची गोष्ट निराळी. त्याचें वाद्य म्हणजे शंभर जिवंत माणसें. तीं त्याला घरीं कोठून मिळणार? पुस्तकें वाचून व आरशापुढें हात हालवून तो कितीहि शिकला, तरी त्याचा इशारा व उमटणारा स्वर यांतील नातें त्याला कळत नाहीं. तरुणाला अनुभवावांचून वाद्यवृंद मिळत नाहीं आणि वाद्यवृंदावांचून अनुभव मिळत नाहीं, असा हा पेंच आहे. टँगलवुडनें तो सोडविला. तेथें विद्यार्थ्यांचाच वाद्यवृंद बनवावयाचा, बॉस्टनच्या कसलेल्या वादकांनीं त्यांना शिकवावयाचें, आणि संचालक होऊं पाहणाऱ्या तरुणाला त्यांच्यासमोर उभें करावयाचें, अशी योजना होती.

८ जुलै १९४० रोजीं ही शाळा सुरू झाली. त्याआधीं तीनच आठवडे पॅरिस जर्मनांच्या हातीं पडलें होतें. उद्घाटनासाठीं रँडल टॉम्सन यांच्याकडे समूहगान मागितलें होतें. अपेक्षा होती ती उल्हासाच्या गजराची. फ्रान्सचा पाडाव झाला असतां तसा गजर करावयास त्यांचें मन घेईना. ‘आलेलूया’ या जवळजवळ एकाच शब्दावर त्यांनीं संथ, गंभीर, प्रार्थनेसारखी रचना केली, आणि समारंभाची घटका भरत आली असतां ती गायकांच्या हातीं पडली. ती त्याच दिवशीं गाइली गेली, आणि पुढें प्रतिवर्षीं तीच गाऊन शाळेचा आरंभ करण्याचा प्रघात पडला. पहिल्या वर्षीं तीनशेंच्यावर विद्यार्थी आले. रचनाशास्त्र शिकवावयास एकीकडे अमेरिकन ॲरन कोपलंड, तर दुसरीकडे नाझी राजवटींतून बाहेर पडलेले जर्मन पाउल हिंडेमिट. विद्यार्थ्यांत लेनर्ड बर्नस्टाइन नांवाचा एकवीस वर्षांचा तरुण होता.

दोनच वर्षांत कसोटीची वेळ आली. अमेरिका युद्धांत उतरली. पेट्रोल व टायर यांवर निर्बंध आले. मोटारींवांचून श्रोते त्या डोंगरांत पोंचणार कसे? वाद्यवृंदाच्या विश्वस्तांनीं १९४२ चा उत्सव व शाळा यांचा भार उचलण्यास नकार दिला. हिशेबाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. त्याच वर्षीं जानेवारींत नताली कालवश झाली होती. कूसेविट्स्की यांनीं तिच्या स्मरणार्थ एक निधि स्थापला, त्यांतून शाळेचा खर्च भागविला, आणि उत्सवाचे जलसे चक्क विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदावर सोंपविले.

त्या उन्हाळ्यांत शोस्टाकोव्हिचच्या सातव्या सिंफनीचा सर्वत्र बोलबाला होता. वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्यें तिचा बराच भाग लिहिला गेला. तिची प्रत सूक्ष्म चित्रफितीवर उतरवून तेहरान व कैरो या मार्गें अमेरिकेंत आणली गेली. तोस्कानिनी यांनीं १९ जुलैला ती रेडिओवरून ऐकविली. ९ ऑगस्टला खुद्द लेनिनग्राडमध्यें, उपासमारीनें खंगलेल्या वादकांनीं ती वाजविली. आणि पांच दिवसांनीं, १४ ऑगस्टला, टँगलवुडच्या शेडमध्यें तिचा अमेरिकेंतील पहिला जाहीर जलसा झाला. सव्वा तासाच्या आसपास चालणारी ती बिकट रचना वाजविणारे होते विद्यार्थी, आणि त्यांच्यापुढें उभा होता अडुसष्ट वर्षांचा, देशाला मुकलेला रशियन. मोठ्यांचा वाद्यवृंद गैरहजर असतां शाळेनें उत्सव तारला.

यानंतर मात्र परिस्थितीपुढें कोणाचें चाललें नाहीं; १९४३ ते १९४५ या काळांत शाळा बंद राहिली. पण पेरलेलें बीं वाया गेलें नव्हतें. १४ नोव्हेंबर १९४३ रोजीं ब्रूनो वॉल्टर आजारी पडल्यामुळें बर्नस्टाइन यांना ऐन वेळीं न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदापुढें उभें राहावें लागलें, आणि एका दिवसांत त्यांचें नांव देशभर झालें. १९४६ मध्यें शाळा पुन्हां उघडली. त्याच निधीच्या आश्रयानें बेंजामिन ब्रिटन यांनीं रचलेल्या ‘पीटर ग्राइम्स’ या ऑपेराचा अमेरिकेंतील पहिला प्रयोग ६ ऑगस्टला तेथील विद्यार्थ्यांनीं केला. संचालक होते बर्नस्टाइन.

कूसेविट्स्की १९५१ सालीं निवर्तले. शाळेची परंपरा खंडली नाहीं. मुंबईंत १९३५ सालीं सिंफनी वाद्यवृंद स्थापणारे मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबिन व्हिएन्नांत शिकून १९५८ मध्यें येथें आले, आणि संचालनाच्या स्पर्धेंत इटलीच्या क्लाउडिओ अबाडो यांच्या मागोमाग दुसरे ठरले. १९६० मध्यें जपानचे सेइजी ओझावा आले; ते पुढें बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. बर्नस्टाइन यांनीं आयुष्यांतला शेवटचा जलसा केला तोहि याच शेडमध्यें, १९ ऑगस्ट १९९० रोजीं. दोन महिन्यांच्या आंत त्यांचें निधन झालें.

१९४२ चे विश्वस्त दुष्ट नव्हते. त्यांनीं एका वर्षाचा हिशेब पाहिला. कूसेविट्स्की यांनीं एका पिढीचा पाहिला. बंद पडलेला उत्सव पुढच्या वर्षीं भरवितां येतो. परंतु वीस वर्षांच्या तरुणाचें विसावें वर्ष पुन्हां येत नसतें.