पातळ थराची जाडी कशी मोजावी?

१/ ९ ऑगस्ट १९२१. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जे. सी. कार्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोट घडवून जमिनीत लहरी सोडल्या. खडकांवरून परतलेल्या प्रतिध्वनींवरून भूगर्भाचा छेद रेखाटला गेला. तेलशोधाला नवे साधन मिळाले.

२/ जाडीचे गणित सोपे होते. थराच्या माथ्यावरून आणि तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनींमधील कालांतराला खडकातील वेगाने गुणायचे व दोनाने भागायचे. कारण लहर जाऊन परत येते.

३/ थर पातळ असला की मात्र दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. वेग सेकंदाला ३००० मीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी १०० मीटर. तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे सुमारे २५ मीटरांहून, थर पातळ झाला की कालांतर फारसे घटत नाही. १० मीटरांचा थरही २५ मीटरांच्या आसपास भासतो आणि साठ्याचा अंदाज अडीचपट फुगू शकतो. विहिरीवरचा खर्च याच अंदाजावर ठरत असे.

४/ १९७३ मध्ये एम. बी. वाइडेस यांचा लेख ‘जिओफिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर-खाली सारखाच खडक असलेल्या अतिपातळ थरात प्रतिध्वनीचा आयाम जाडीच्या प्रमाणात घटतो, हे त्यात मांडले होते. कालांतर जिथे मौन धरते, तिथे आयाम बोलतो.

५/ परंतु खडकाची सच्छिद्रता किंवा त्यातील वायू यांमुळेही आयाम बदलतो. म्हणूनच विहिरीत प्रत्यक्ष मोजलेल्या जाडीशी तो ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही.